पीक: मका

झाडं मोजायला आम्हाला चार दिवस लागले आणि मातीचा एक आकडा मिळायला सात आठवडे. राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

जंगलात किती कार्बन साठलाय हे काढायचं म्हणजे टेप घेऊन झाडाझाडाला वेढे घालत फिरायचं, अशी माझी समजूत होती. तो भाग खरंच सोपा निघाला. 1.3 मीटर उंचीवर घेर घ्या, 3.14 ने भागून व्यास काढा, उंची आणि लाकडाची घनता धरून सूत्रात घाला. वाळक्या लाकडाचं वजन येतं, त्यातला सुमारे 47 टक्के कार्बन. त्याला 3.67 ने गुणलं की तेवढ्यासाठी हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतला गेला ते कळतं.

पण हिशेबात मुळं, पडलेली लाकडं, पालापाचोळा आणि मातीही धरावी लागते. माती आली की प्रयोगशाळा आली.

तिथला फॉर्म शेतीच्या मातीसाठी केलेला. ‘पीक कोणतं?’ हा रकाना सक्तीचा. मी ‘जंगल’ लिहिलं, फॉर्म परत. ‘इतर’ लिहिलं, तरी परत. शेवटी खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “काहीही लिहा हो मॅडम, मका लिहा.” लिहिला मका.

पाच आठवड्यांत तीन फेऱ्या झाल्यावर रिपोर्ट हातात पडला: सेंद्रिय कार्बन 2 टक्के. बस्स.

दोन टक्के, पण किती मातीचे? हेक्टरी टन काढायला टक्केवारी, मातीची घनता आणि खोली या तिन्हींचा गुणाकार लागतो. खोली 30 सेंटिमीटर असेल, तर घनता 1 धरून 60 टन येतात आणि 1.2 धरून 72. मधले बारा टन मी अंदाजाने लिहायचे? घनतेसाठी लोखंडी कड्याने जपून काढलेले नमुने मी वेगळ्या पिशव्यांत दिले होते. “ते कुठायत?” विचारलं, तर उत्तर आलं, “सगळी एकाच ठिकाणची माती ना? एकत्र करून कुटून चाळली.” कड्याचं आकारमान ठरलेलं असतं, त्यातली माती जशीच्या तशी वाळवून तोलली तरच घनता मिळते. चाळल्यावर उरली ती नुसती भुकटी. मी वाद घातला नाही, पण पायऱ्या उतरताना जे पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा जंगलात गेलो. यावेळी कड्यातली माती आम्हीच 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवली आणि तोलली. ओव्हन उसना मिळत असेल तर तुम्हीही हेच करा. आणि हो, पिशवीच्या आत एक चिठ्ठी, बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. ओल्या मातीत पेनाची शाई पसरते; आमचे दोन नमुने असेच बेवारस झाले. झाडांचं एक राहिलंच: बुंध्याला फळीसारखी रुंद मुळं असतील तर 1.3 मीटरचा हट्ट धरू नका, ती संपतात त्याच्या 30 सेंटिमीटर वर घेर घ्या, नाहीतर झाड कागदावर उगाच लठ्ठ होतं.

सातव्या आठवड्यात घनता मिळाली: 1.2. म्हणजे मातीत हेक्टरी 72 टन कार्बन. तो आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

अहवालाला जोडलेल्या रिपोर्टवर मात्र अजूनही ठळक अक्षरांत छापलेलं आहे, ‘पीक: मका’.