काच क्र. ४३ : मखमल, डार्कन आणि आरशाने घातलेला घोळ

झालं एकदाचं! (नवीन आलेल्यांसाठी: इंदूरमधल्या साडी-कपड्यांच्या दुकानांच्या शोकेसच्या काचा मी एकेक करून बघते, फोटो काढते आणि सजावटीला मार्क देते.) त्रेचाळीस नंबरच्या काचेचा फोटो समोरून, सरळ, अख्खा आला आणि त्यात मी नाही, माझी स्कूटी नाही, मागचा भुट्टेवाला नाही, समोरच्या मोबाइलच्या दुकानाचा तो हिरवा एलईडी बोर्डसुद्धा नाही. नुसती साडी. रात्री पावणेबाराला लॅपटॉपवर बघितलं आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या, आई उठून आली काय झालं म्हणून.

दोन महिने अपडेट नव्हता कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. ३७ ते ४२ बघून झाल्या, मार्कही दिले (नियम तेच, रस्त्यापलीकडून तीन सेकंद, मग काचेला नाक लावून, पाच निकष मिळून वीसपैकी), पण फोटो एकही धड नाही आणि फोटोशिवाय मार्क टाकले की तुम्ही लोक फाडून खाता. बरोबरच आहे म्हणा.

प्रॉब्लेम जुनाच, रिफ्लेक्शन. ज्यांनी मागे "सीपीएल घे, सुटेल" सांगितलं होतं त्यांच्यासाठी आधी, घेतला बरं का (सीपीएल म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर). जेल रोडवरून, सेकंडहँड, ५८ एमएमचा, साडेनऊशेला. काचेशी तिरकं उभं राहिलं, म्हणजे काचेच्या काटकोनातल्या रेषेपासून साधारण ५६ अंशांवर, की खरंच जादू होते, रस्ता पुसला जातो. पण समोरून उभं राहा, शून्य. कितीही फिरवा. आणि तिरक्या फोटोत डावा पुतळा उजव्यावर चढतो, याचा हात तिच्या खांद्यावर, मग रचनेचे मार्क कशाला देऊ मी? वर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो तो वेगळाच.

आणि ठिपके! हे कोणीच सांगितलं नव्हतं. एम.जी. रोडवरची ३९ नंबरची काच, फिकट बदामी सिल्क, संध्याकाळी सहाला आकाश स्वच्छ असताना सीपीएल लावून तिरका काढला तर फोटोत साडीवर ओळीने करडे ठिपके, जसे काही कोणी चाळणीतून पाणी शिंपडलंय. मला वाटलं साडीला ओल लागली. दुसऱ्या दिवशी मी शहाणी दुकानात जाऊन सांगून आले. त्या भाईसाबांनी बिचाऱ्यांनी पुतळ्यावरची साडी उतरवली, ट्यूबलाइटखाली उलटीपालटी केली, पोराला बोलावून दाखवली, डाग कुठेच नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दोन दिवस शोधाशोध केल्यावर कळलं, काच टफन्ड होती. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात, ते झोत जिथे जिथे बसतात तिथे काचेच्या अंगात ताण राहून जातो. उघड्या डोळ्याला सहसा दिसत नाही, पण निरभ्र आकाशाचा उजेड थोडा पोलराइज्ड (एकाच दिशेने कंप पावणारा) असतो, त्यात आपण फिल्टर लावलेला, की ठिपके वर येतात. म्हणजे डाग साडीला नव्हताच, काचेला होता, तोही असून नसल्यासारखा. भाईसाबांना पाव किलो लौंग सेव नेऊन दिली. घेतली त्यांनी, पण आता मी दुकानासमोर थांबले की पोरगा उगाच फडका घेऊन काच पुसायला येतो.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाच्या काचेमागे चित्रकार साल्वादोर दालीने केलेली आरास दुकानवाल्यांनी न विचारता बदलली तेव्हा तो चिडून आत घुसला, बाथटब ढकलला आणि टब काच फोडून रस्त्यावर, ही गोष्ट मी मागे हसत हसत लिहिली होती. आता हसत नाही.

मग रात्रीचा प्लॅन. थिअरी सोपी आहे, काचेचा एकेक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो, दोन्ही मिळून ८ टक्के. दुपारच्या उन्हात समोरच्या पांढऱ्या भिंतीचे ८ टक्केसुद्धा आतल्या स्पॉटलाइटला भारी पडतात. रस्ता अंधारा झाला की ८ टक्के कशाचे, काहीच नाही. पण आपल्याकडे रस्ता अंधारा होईपर्यंत शटर पडतं ना! लंडनला सेल्फ्रिजने १९०९ मध्ये दुकान उघडलं तेव्हापासून बंद झाल्यावरही काचेतले दिवे चालू ठेवायचा, लोक रात्री फिरायला येऊन बघायचे. आपल्याकडे दुकान मिटलं की काचही मिटली. सराफ्यात तर शटर खाली आलं की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू सुरू, तिथे रात्री बघायला जातात ते खायला. त्यामुळे मला मिळतात फक्त सात ते साडेनऊ, आणि तेव्हाच राजवाड्याभोवती सगळा इंदूर रस्त्यावर, सगळे बोर्ड चालू, सगळ्या गाड्यांचे हेडलाइट माझ्या काचेत.

राहता राहिलं काळं कापड. कॅमेऱ्यामागे काळं धरायचं, काचेत तेच दिसेल, म्हणजे काहीच दिसणार नाही. ऑनलाइन मागवलेला 'ब्लॅक बॅकड्रॉप' म्हणजे चकचकीत पॉलिस्टर निघालं, काचेत माझ्यामागे जणू काळा तलाव. परत पाठवलं. सरळ एम.टी. क्लॉथ मार्केट गाठलं, तिथे तागा घ्या म्हणतात, तीन मीटरसाठी कोणी कात्री उचलत नाही, शेवटी एका कटपीसवाल्याकडे ४४ इंची पन्ह्याची सुती पाठीची मखमल मिळाली, १८० रुपये मीटर. हात फिरवून बघा, उलट्या दिशेने फिरवल्यावर काळी कुळकुळीत दिसली तीच घ्या. दोन पन्हे जोडून साधारण सात फूट बाय पाच फूट पडदा झाला, काच आठ फुटांची, म्हटलं थोडं कमी पडेल, चालवून घेऊ.

थोडं नाही, अर्ध्याहून जास्त कमी पडलं. मधल्या भागात साडी स्वच्छ, दोन्ही बाजूंना रस्ता जसाच्या तसा. मागे सरकले, तेच. अगदी जवळ जाऊन वाइडने काढला, तरी तेच! तीन संध्याकाळी यात गेल्या. गंमत म्हणजे उलगडा आईने केला, तोही नकळत. गौरी बसवायच्या आदल्या दिवशी कपाटाच्या आरशासमोर निऱ्या बघत म्हणाली, "अगं, आरसा एवढासा आहे पण पायापर्यंत दिसतं बघ." आपल्या निम्म्या उंचीच्या आरशात आपण अख्खे दिसतो, कितीही लांब उभे राहा. तेच उलटं करा. काच आठ फूट तर तिच्यात दिसणारं माझ्या रांगेतलं जग सोळा फूट, जवळ जा नाहीतर लांब. सोळा फुटी मखमल राजवाड्याजवळच्या फुटपाथवर सात वाजता धरायची म्हणजे नगर निगमची परवानगी लागेल, चार माणसं लागतील आणि अर्ध्या लोकांना वाटेल आत सिनेमा आहे.

प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलं होतं खरं. मग गौरीचे फोटो जोडताना (आरतीत कोणीतरी डोळे मिटलेलं असतंच) डोक्यात आलं की रिफ्लेक्शन फक्त उजेड वाढवतं, कमी कधीच करत नाही. मग अख्खं कापड एकदम कशाला? कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, एक्स्पोजर मॅन्युअल, आणि तोच छोटा पडदा सरकवत सरकवत नऊ फोटो, डावीकडे-मध्ये-उजवीकडे, तेही खाली, मधे आणि वर. प्रत्येक फोटोत काचेचा वेगळा तुकडा स्वच्छ. मग गिम्पमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) सगळे एकावर एक ठेवून वरच्यांना 'डार्कन ओन्ली'. प्रत्येक ठिकाणी नऊपैकी जे सगळ्यात गडद तेच उरतं, म्हणजे रिफ्लेक्शन नसलेलं. बास. एवढंच होतं.

भाचा पडदा धरायला, वय चौदा, दर दोन खोपरा पॅटिस, छप्पन दुकान या खाऊगल्लीतले. पडदा दोन बांबूंना बांधला, फुटपाथवर काळी चादर (खालच्या भागात फुटपाथच दिसतो), मी काळ्या कुर्त्यात, लेन्सवरच्या चंदेरी पट्टीला काळी टेप. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदापेक्षा फास्ट ठेवू नका, स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि डार्कन मोड नेमका लुकलुकीतला अंधार उचलतो, मी १/४ ला काढले. पहिल्या खेपेला एक काळी पॅन्टवाला माणूस पाचव्या फोटोत मध्ये येऊन उभा राहिला, "भिया, क्या हो रिया है?", आणि तो कायमचा फोटोत बसला, कारण तोच सगळ्यात गडद! पाचवा फोटो परत काढला. भाच्याची पडद्याच्या कडेवरची बोटं मात्र आपोआप गेली, ते बघून तो सगळ्यात खूश.

आता काच ४३ बद्दल, कारण हिच्यासाठीच एवढी धडपड. शीतलामाता बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीतलं छोटं दुकान, नाव नेहमीसारखं देत नाही. आत एकच माहेश्वरी, राखाडी अंगाची, हिरवी बुगडी किनार. पुतळा नाहीच. वर हातमागाची जुनी फणी आडवी टांगलीय, तिच्यातून सुताचे धागे सरळ खाली येतात आणि साधारण नजरेच्या उंचीवर धाग्यांच्या जागी साडी सुरू होते, म्हणजे धाग्याचं कापड होतंय असं वाटतं. जोड कुठे आहे हे मला नाक लावूनही सापडायला मिनिट लागलं, धाग्यांची टोकं किनारीच्या आत दुमडून टाचलीयत, टाचणीचं डोकंसुद्धा हिरवं रंगवलंय. आणि मागे आरसा. बुगडी दोन्ही बाजूंनी नेसता येते हे दुकानदार तोंडाने सांगत बसतो, इथे आरशाने सांगून टाकलं. ना 'फ्लॅट ५०' चं विनाइल स्टिकर, ना सनबोर्डची (फोमच्या पुठ्ठ्याची) फुलं. समोरच्या रांगेत चार दुकानांत एगहेड (चेहरा नसलेल्या, अंड्यासारख्या डोक्याच्या) पुतळ्यांना पैठणी नेसवलीय, कंबर एवढीशी की निऱ्या पंख्यासारख्या उघडतात. घरच्या गौरीची कोठी बरी, आई आत टॉवेल तरी गुंडाळते.

पण त्या आरशानेच घोळ घातला. काचेतलं रिफ्लेक्शन गेलं, आरशातलंही गेलं! आरशात माझी मखमल नऊ जागी दिसली, डार्कनने नऊही उचलल्या, आरसा पूर्ण काळा आणि त्यावर फक्त साडीची मागची बाजू तरंगतेय. दिसतं भन्नाट. खरं सांगते, टाळ्या त्यालाच वाजवल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे उभी राहिले तर आरशात माणसं, ई-रिक्षा, राजवाड्याकडे जाणारी गर्दी, आणि त्या गर्दीत साडीची पाठ शोधावी लागते. माझ्या फोटोला १९ मिळतील, काचेला १६. आता मार्क कोणाला देऊ?

इथपर्यंत लिहून चहा केला आणि प्लॅन बदलला. यापुढे प्रत्येक काचेचे दोन फोटो, एक डार्कनचा आणि एक नुसता, रस्त्यासकट, आणि मार्क फक्त दुसऱ्यावर. दालीपासून मीपर्यंत सगळे काचेवर चिडतो, पण दुकानदाराला ती काच रोज आहेच. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांना (चित्ररथांना) काच नसते म्हणून त्या काढणारे मिलवाले (कापड गिरण्यांचे लोक) मजेत असतात. दुकानदाराने काचेचं काय केलं हे बघायला हवं होतं मी पहिल्यापासून. छज्जा पुढे काढलाय का, मागचा पडदा फिका आहे का (काळा पडदा लावला की दुपारी त्याच काचेत लोक केस नीट करतात), आतला उजेड किती. सहावा निकष, 'काच', चार मार्क, एकूण चोवीस.

म्हणजे जुन्या ३६ परत मोजा, हो, माहितीये. सगळ्यात आधी १७ नंबर. तिला मी ९ देऊन 'काळोखात काळे कुर्ते' असं लिहिलं होतं, पण ती मी भर दुपारी एक वाजता बघितली होती आणि मागे काळी मखमल होती, माझ्यासारखीच. कदाचित रात्री १५ ची असेल, किंवा दुपारी ९ च बरोबर असेल. दोन्ही वेळा बघणार. शनिवारी दुपारी छत्री घेऊन आणि मग सातला पडदा घेऊन, नवरात्रात काचा चनिया-चोळीने भरून जायच्या आत. भाच्याला विचारलं तर म्हणाला, उन्हात तीन पॅटिस.