प्लेटवर गुळवेल अस्सल निघाली

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वनौषधी तपासणाऱ्या लॅबमध्ये घरगुती सॅम्पल घेत नाहीत. हा नियम नव्या पोरांना मीच पढवते. तरी त्या दिवशी आमचा ज्युनियर ॲनालिस्ट डब्याच्या वेळेला पेपरात गुंडाळलेले बोटभर जाडीचे चार तुकडे घेऊन आला. "मॅडम, मामाला कावीळ झालीये. व्हायरसच्या टेस्ट सगळ्या निगेटिव्ह. तीन महिने गुळवेल म्हणून याचाच काढा पीत होता."

मी मनात निकाल देऊन मोकळी. ही गुळवेल नसणारच, तिची गाठाळ बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असणार. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांचा अहवाल छापला, तेव्हा आयुष मंत्रालयानेही हाच मुद्दा काढला होता : वनस्पतीची ओळख पटवली का? आम्हा लॅबवाल्यांना हे उत्तर फार आवडतं. भेसळ सापडली की आमचा भाव वाढतो.

ब्लेडने आडवा काप घेतला. मायक्रोस्कोपखाली बैलगाडीचं चाक : मधून निघालेले आरे, त्यांच्यामध्ये वाहिन्यांचे पुंजके. गुळवेलीच्या जुन्या नावांत 'चक्रलक्षणिका' आहे. ज्याने ते ठेवलं त्याच्याकडे भिंग नसेल, पण विळा धारदार होता. सालीवर गाठीही नव्हत्या. तरी माझा हट्ट सुटेना.

संध्याकाळी एचपीटीएलसी लावली, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर अर्कातले घटक वेगवेगळ्या पट्ट्यांत पाडणारी चाचणी. जुलैत हे काम म्हणजे छळ. प्लेटवरची सिलिका हवेतली ओल पिते आणि पट्टे आपली जागा सोडतात. म्हणून प्लेट आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेत ठेवायची, आर्द्रता ३३ टक्क्यांवर बसते. "एसी आहे ना?" असं विचारणाऱ्या साहेबांना मी हे समजावणं सोडलंय. एका बाजूला अस्सल गुळवेल, दुसऱ्या बाजूला क्रिस्पा, मधे मामा. चेंबर वीस मिनिटं द्रावकाच्या वाफेने भरू दिला, प्लेट चालवली, पट्ट्यांना रंग आणणाऱ्या ॲनिसाल्डिहाइडमध्ये बुडवून १०५ अंशांवर तापवली. रंग हळूहळू चढत गेले आणि मामाचा ट्रॅक अस्सल गुळवेलीशी पट्ट्याला पट्टा जुळला. क्रिस्पाचे म्हणून जे पट्टे आम्ही ओळखतो, त्यांतला एकही नाही.

"म्हणजे शुद्ध आहे ना, मॅडम?" पोराचा चेहरा उजळला. माझा पडला. हाच माल एखाद्या कंपनीच्या पोत्यातून आला असता, तर मी डोळे झाकून 'पास' लिहिलं असतं.

घरी येऊन गुळवेल आणि यकृताच्या इजेवरचा २०२२ चा देशभरातला अभ्यास पुन्हा वाचला. १३ केंद्रं, ४३ रुग्ण. तिथेही मिळालेले नमुने तपासले तेव्हा गुळवेल खरीच निघाली होती. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आणि गुळवेल लोक घेतात कशासाठी? प्रतिकारशक्ती जागी व्हावी म्हणूनच. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात याच वेलीतल्या एका पॉलिसॅकराइडवर, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीवर, वर्षानुवर्षं काम झालंय. प्रतिकारपेशींना उठवणारा तो पदार्थ.

मग डोक्यात लख्ख पडलं. आम्ही अर्क काढतो मेथॅनॉलमध्ये. पॉलिसॅकराइड त्यात उतरतच नाहीत, ते पाण्यात उतरतात. मामा पीत होते तो पाण्यातला काढा. म्हणजे माझ्या सुंदर प्लेटवर त्यांनी प्यायलेल्यातलं निम्मंअधिक कदाचित नव्हतंच. इतकी वर्षं काढ्याच्या औषधांवर मी मेथॅनॉलच्या प्लेटा बघून सह्या करतेय.

दोन दिवसांनी मामांचा कळव्याहून फोन आला. आवाज खोल गेलेला, पण कावीळ उतरत होती. "मॅडम, कडुलिंबावरची वेल आहे, उत्तम म्हणतात. सोसायटीतले अजून चौघं पितात. त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "तुम्ही घेऊ नका. त्यांना म्हणावं, आधी डॉक्टरला विचारा. आणि मामा, थोडा काढा उरलाय का? बाटलीत भरून भाच्याकडे द्या."

"अहो, तो कसला राहतोय," ते म्हणाले. "हिने त्याच दिवशी मोरीत ओतला. पातेलंसुद्धा घासून भंगारवाल्याला दिलं."