एवढं वाचता, त्यातलं चांगलं कुठलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एरवी मार्केट यार्डात गुळाचे सौदे संपल्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, करायच्या की हे असले खुलासे करत बसायचं? पण हंगाम संपला की खुर्चीजवळ पुस्तक दिसतं आणि हमालापासून अडत्यापर्यंत सगळे विचारतात, "दिवाणजी, एवढं कायबाय वाचता, त्यातलं चांगलं कुठलं?" घरी पाव्हणे आले की तेही हेच. मी उत्तर द्यायला लागलो की चेहरे पडतात. "तुमचं प्रत्येकाबद्दल तिरकंच काहीतरी," असं एका मास्तरांनी परवा तोंडावर सांगितलं.

तिरकं नाही हो. तुम्हाला आंबा गोड की आंबट एवढंच हवं असतं, आणि माझ्याकडं तेवढंच नसतं.

गेल्या पावसाळ्यापासूनचं सांगतो. 'ययाति' पुन्हा काढली. कोल्हापुरात राहून खांडेकरांबद्दल वावगं बोलू नये, हे आपल्याला बाळकडूतनं मिळालेलं आहे. 1974 साली मराठीला पहिलं ज्ञानपीठ याच पुस्तकानं आणलं, त्याचा अभिमान मलाही आहे. कॉलेजात असताना मी त्यातली वाक्यं वहीत उतरून काढायचो, आणि एकदोन तर लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या पत्रात माझी म्हणून घातली. आता तीच वाक्यं वाचताना कुणी सारखं खांद्यावर हात ठेवून समजावतंय असं होतं. मग वहीवाला मी बाहेर येतो आणि भांडतो: तुला पन्नाशीनंतर सगळंच गुळमट लागतं, त्यात पुस्तकाचा काय दोष? त्याचंही खोटं नाही.

'रारंगढांग' मात्र एका बैठकीत संपलं. भालजी पेंढारकरांच्या मुलानं, प्रभाकर पेंढारकरांनी लिहिलेलं, म्हणजे आपल्या घरचंच. हिमालयात रस्ता काढणारी माणसं, दगड, सुरुंग आणि शेवटी कोर्ट मार्शल. गगनबावड्याचा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता त्या दिवसांत वाचल्यामुळं असेल, पण नायकाच्या तत्त्वांपेक्षा कड्यात खाच कशी पाडतात यातच माझा जीव अडकला. नंदा खऱ्यांच्या 'उद्या'नं दम काढला. साहित्य अकादमीचा 2020 चा पुरस्कार त्यांनी नाकारला तो याच कादंबरीचा. मी तीनदा खाली ठेवली. वाईट म्हणून नव्हे. त्यातली माणसावर सतत नजर ठेवणारी दुनिया वाचायची आणि उठून मोबाईल बघायचा, हे जमेना.

इथपर्यंत लोक ऐकून घेतात. नंतर हमखास कुणीतरी म्हणतं, "ते सगळं राहू द्या, 'झोंबी' तरी आवडली की नाही? आपल्या कागलच्या आनंद यादवांची." आणि मी गप्प बसतो. ते गप्प बसणं तुम्हाला शिष्टपणा वाटतो, हे मला कळतं.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खुबा मोडला तेव्हा गावाकडनं त्यांना माझ्याकडं फुलेवाडीत आणलं होतं. ऑपरेशन झालं, पण पडून राहायचं. टीव्ही लावला की चिडायचे. अक्का, माझी थोरली बहीण, सेवेला येऊन राहिली होती. संध्याकाळी मी वाचून दाखवायला लागलो, आणि 'झोंबी' निवडली ती काही सहज नव्हे. बाप पोराला शाळेतनं काढून शेतात जुंपतो, पोरगं आईला मध्ये घालून झगडतं. मलाही सातवीनंतर गुऱ्हाळावर बसवायचं ठरलं होतं. मामा भांडले म्हणून सुटलो. आबांनी ऐकावं, आणि ऐकून काहीतरी बोलावं, अशी माझी इच्छा होती. काय बोलावं ते मी ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं, पण ते इथं लिहीत नाही.

कवितेच्या नादाला लागलेलं ते पोरगं म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहितं. तिथं आबा हसले. "म्हस उभी ऱ्हायली व्हय?" मग मी पानं मागं उलटून तो भाग काढला, जिथं पोराचा बाप बाकी गावाच्या आधी गुऱ्हाळ लावतो. इतरांचं म्हणणं, ऊस उभा राहिला की रस आटतो आणि गूळ जास्त पडतो. बापाचं म्हणणं, लवकर गेलेल्या गुळाला भाव चांगला. आबा एका हातावर रेटून उठायला लागले.

"बरोबर हाय की त्येचं."

"काय बरोबर?"

"मागनं सगळ्यांचं गुळाचं रवं एकदम आलं की कोण इचारतंय? तू रोज पट्ट्या करतोस, तुला ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात, पुढं आवक वाढते आणि भाव कसा उतरतो, हे मी माझ्याच अक्षरात लिहीत आलोय. तरी तो परिच्छेद आजवर मी बापाच्या हेकटपणाचा पुरावा म्हणूनच वाचला होता. मी वाद घातला. म्हटलं, गुळाचं बरोबर असेल, पोराला मारतो त्याचं काय? आबा म्हणाले, "चुलवाणापुढं जाळ घालाय माणूस न्हाई मिळालं तर रसाची काहील उतरून ठेवायची काय?"

अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. इतके दिवस तिनं एक शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "त्या पोराला भनी हुत्या काय रं?"

मी म्हटलं, भावंडं होती.

"मग त्या शिकल्या काय?"

मी पुढचं पान काढलं. ती शेंगा फोडतच म्हणाली, "माझी शाळा सुटली तवा बाई घरापतुर आल्या हुत्या. दोनदा." कुणाकडं बघून नाही म्हणाली. आबा बराच वेळ छताकडं बघत पडले होते, आणि मग बोलले: "तवा ह्यो रांगत हुता. ह्येला कोण बघणार हुतं? हिची आई तर ऊस तोडाय माझ्यासंगं."

हिची आई, म्हणजे माझीही. आणि हे त्यांनी अक्काला सांगितलं नाही. माझ्याकडं मान वळवून मला सांगितलं.

अक्का चौथीत घरी बसली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरात माहीत असलेल्या गोष्टीला कुणी कारण विचारत नाही, एवढंच. मी शाळेसाठी भांडलो तेही खरं, मामांनी आबांचे पाय धरले तेही खरं. पण त्या संध्याकाळपर्यंत आमच्या घरातला झगडणारा पोरगा मीच, याबद्दल मला कधी शंका नव्हती. ज्यानं हे पुस्तक तरुणपणी छातीशी धरलं तो वहीवाला मी अजूनही म्हणतो, तुझं भांडण कमी होत नाही त्यानं. मी म्हणतो, कमी होत नाही, पण ते कुणाच्या कडेवर बसून चाललं होतं? तो म्हणतो, रांगत्या पोराला काय विचारतोस? इथं येऊन आमचं दोघांचं अडतं. दर वेळी.

दुसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, "वाच की फुडं." आई गुपचूप गावच्या वजनदार देसाई सरकारांकडं जाते आणि सगळं सांगून येते, तो भाग ऐकून त्यांना भयंकर राग आला. "बाईनं नवऱ्याची चहाडी करावी?" अक्का तेव्हा मोठ्यानं हसली. आम्ही तिथंच थांबलो. आबा त्या हिवाळ्यात गेले. पुस्तक मी पुढं वाचलेलं नाही.

आता सांगा, चांगलं की वाईट?

त्यानंतर काय वाचतो तेही विचारता, म्हणून सांगतो. कृष्णात खोतांचं 'रिंगाण', 2023 चं साहित्य अकादमी मिळालेलं. धरणानं उठवलेलं गाव, मागं राहिलेली म्हैस आणि तिला आणायला निघालेला माणूस. भाषा पन्हाळ्याच्या बाजूची, आमच्या घरची. पण मी ते वाचताना सारखा विचार करत होतो की त्याच्या बाईचं काय चाललं असेल. लेखकावर हा अन्याय आहे. त्यानं लिहिलंय ते सोडून जे लिहिलं नाही तेच मी शोधत बसलो. पुस्तक दमदार आहे, वाचाच. माझ्यासारखं वाचू नका.

आणि 'स्मृतिचित्रे'. नवऱ्यानं 1895 साली धर्म बदलला आणि सगळं आभाळ डोक्यावर कोसळलं, तरी लक्ष्मीबाई टिळक स्वतःवर हसण्याची एक संधी सोडत नाहीत. हे मी अक्काला दिलं. तिला अक्षरं लागतात, पण बोट ठेवून वाचायला लागतं. पंधरवड्यानं फोनवर म्हणाली, "बाई भांडती बरी." मी विचारलं, कुठंवर आलीस? तर म्हणाली, नातवाच्या परीक्षा आहेत, आता वेळ नाही. मग सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या आणि पुस्तक राहिलं बाजूला.

आवडलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. पुस्तक परत आलं की करवीर नगर वाचन मंदिरात भरायचंय, मुदत उलटून गेलीये, आणि दंड मीच भरणार आहे.