भचाऊहून मुंबईला निरोप

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, २९ जानेवारी २००१ला सकाळी, कच्छमधल्या भचाऊच्या वेशीबाहेर, हमरस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत आम्ही मुंबईच्या हौशी रेडिओवाल्यांनी अँटेना ताणला. एक टोक वेड्या बाभळीच्या फांदीला आणि दुसरं जीपच्या कॅरियरला उभ्या बांधलेल्या बांबूला. सात मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे वीस मीटर तार. ती मधोमध तोडून तिथे केबल जोडायची. आमची तार जमिनीपासून जेमतेम तीन मीटर उंच होती, आणि आम्हाला तशीच हवी होती. दूरदेशी बोलायला उंच अँटेना लागतो. भचाऊहून मुंबई हवाई अंतराने साधारण साडेपाचशे किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी सिग्नल जवळजवळ सरळ आकाशात जायला हवा. मग तो आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततो आणि चारी दिशांना शेकडो किलोमीटरच्या टापूवर पावसासारखा पडतो. मधल्या डोंगरांची, पडलेल्या टॉवरांची, तुटलेल्या तारांची त्याला अडचण नसते.

ट्रकची बॅटरी, शंभर वॅटचा ट्रान्सीव्हर (बोलणं पाठवणारा आणि ऐकवणारा रेडिओ संच), माइक, दोन वह्या आणि घडीचं टेबल एवढंच सामान होतं. बॅटरी पुरावी म्हणून आम्ही पॉवर निम्म्यावर ठेवत होतो. पहिल्याच हाकेला मुंबईतून उत्तर आलं. तिथल्या मित्राचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आदल्या रात्री कच्छच्या वाटेवरच्या सूरजबारीच्या जखमी पुलावरून एकेक गाडी सोडत होते. त्या रांगेत बसून राहिल्यापासून आम्ही कुणाशीच धड बोललो नव्हतो.

भचाऊबद्दल काय सांगू? २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमारास ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा केंद्रबिंदू याच तालुक्यात, चोबारी गावाजवळ होता. कच्छमध्ये भूज, अंजार, रापर सगळीकडेच हाहाकार होता. गुजरातभर मिळून वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. पण भचाऊत उभं म्हणून काही राहिलंच नव्हतं. रस्ता कुठला आणि घर कुठलं हे कळत नव्हतं, दगडांचा एकच सलग ढीग. भूजचं मोठं रुग्णालय कोसळलं होतं. तिथले डॉक्टर आणि लष्कराचे लोक ज्युबिली ग्राउंडवर उघड्यावर शस्त्रक्रिया करत होते. दिवसा ऊन, रात्री बोचरी थंडी आणि मधूनच जमिनीचा हिसका. हिसका बसला की ढिगाऱ्यावर काम करणारे सगळे खाली उडी मारायचे आणि पुन्हा वर चढायचे.

मी राहतो मुलुंडला. ज्याला मुलुंड, घाटकोपर, मशीद बंदर माहीत आहे त्याला कच्छ आणि मुंबईचं नातं सांगायला नको. आमच्या रस्त्यावरचा किराणावाला, कपडावाला, भांडीवाला यांतले बरेचसे कच्छी. म्हातारे आईबाप गावाकडे आणि मुलं धंद्याला मुंबईत, असा पिढ्यांचा रिवाज. २६ तारखेच्या दुपारपासून या माणसांनी फोन लावलेले मी पाहिले होते. लागतच नव्हते. बरेचसे मिळेल त्या गाडीने निघाले. ज्यांना निघता आलं नाही ते आमच्या क्लबमधल्या लोकांच्या दारात येऊन उभे राहिले.

हौशी रेडिओच्या परवान्यावर एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोचवता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीत नेहमीची यंत्रणा बंद पडली आणि प्रशासनाने सांगितलं, तर मात्र येतात. त्यामुळे प्रशासनाचे निरोप आधी, मग वैद्यकीय, आणि मग माणसांच्या खुशालीचे, असा क्रम आम्ही लावला होता. पहिल्या प्रकारचे निरोप छोटे आणि ठाम असायचे. गॅस कटर आणि ते चालवणारी माणसं पाठवा. ताडपत्री पाठवा. धनुर्वाताची इंजेक्शनं, प्लास्टर, सलाइन. एक निरोप मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा दिला: जुने कपडे पाठवू नका. देशभरातून ट्रकच्या ट्रक कपडे येत होते आणि उतरवायला माणसं नसल्यामुळे रस्त्याकडेला ढीग पडत होते. त्याच रस्त्याने ॲम्ब्युलन्स जायच्या होत्या. लोकांची माया खरी होती. तिला वेळेवर नेमकी मागणी कळणं हे आमचं काम होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

खुशालीचे निरोप मात्र ठाम नसायचे. टेबलासमोर रांग लागली. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाच्या अंगावर भूकंपाच्या सकाळचेच कपडे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, “भाई, मुंबई लागशे?” लागेल, काका. बसा, नाव सांगा.

नाव घेण्याचीही एक शिस्त असते. स्वतःचं, बापाचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, गाव, गावातला वास म्हणजे वस्ती, मुंबईतला फोन. एसएसबीवर, म्हणजे आम्ही बोलायला वापरतो त्या रेडिओ पद्धतीत, खरखर असली की गडा आणि गाला ही दोन आडनावं कानाला सारखीच लागतात, आणि कच्छी घरांत दोन्ही भरपूर. म्हणून इंग्रजी स्पेलिंगचं अक्षर अन् अक्षर आंतरराष्ट्रीय उच्चारात सांगायचं. गडा म्हणजे गोल्फ, अल्फा, डेल्टा, अल्फा. समोरच्याने सगळं परत वाचून दाखवायचं आणि आपण “बरोबर” म्हटल्याशिवाय पुढच्या नावाला हात घालायचा नाही. एका नावाला कधी दोन मिनिटं लागतात. रांगेतल्या माणसाला ती दोन मिनिटं असह्य होतात, हे मला दिसत होतं. तरीही घाई करायची नाही, असं आमच्यातल्या ज्येष्ठ ऑपरेटरने निघतानाच बजावलं होतं. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. “सुखरूप” हा शब्द फक्त दोन वेळा वापरायचा: माणूस समोर उभा असेल तर, किंवा निरोप आणणाऱ्याने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याच्याशी बोलणं केलं असेल तर. “ऐकलंय”, “बहुतेक”, “कुणीतरी सांगत होतं” यांतलं काहीही हवेत जाणार नाही.

दुपारी सात मेगाहर्ट्झ क्षीण झाला. दिवस चढला की आयनांबराचा खालचा थर या लहरी गिळायला लागतो. आम्ही तार बदलून चौदा मेगाहर्ट्झवर गेलो. सौरडाग भरात असल्यामुळे तिथे मुंबई स्वच्छ ऐकू येत होती. तेव्हाच मुंबईहून एक चौकशी आली. मुलुंडचा एक मुलगा आईला शोधत होता. गाव वागड भागात, भचाऊपासून वीसेक किलोमीटरवर. रांगेत त्याच गावचा एक माणूस होता. तो पटकन म्हणाला, “ती? ती आहे. काल देवळाच्या ओट्यावर बसलेली.”

मी विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलं?”

“माझ्या चुलत भावाने पाहिलं.”

मी माइक दाबला नाही. त्या माणसाला राग आला. मुलगा तिकडे तळमळतोय आणि तुम्ही चौकशा कसल्या करता, असं तो सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला. मागच्या बायकाही त्याच्या बाजूने झाल्या. मी हात जोडून म्हटलं, “काका, माझ्या तोंडून गेलेला शब्द तो मुलगा खरा धरणार आहे. थोडं थांबू या.” मुंबईला मी एवढंच कळवलं की चौकशी मिळाली, शोध सुरू आहे, आणि फक्त आईलाच ठाऊक असेल असा एक प्रश्न मुलाकडून मागवा. काही वेळाने प्रश्न आला: लहानपणी मला कुठे भाजलं होतं?

शेजारच्या तंबूत मदतीला आलेला एक पोरगा होता, स्वतःची मोटारसायकल घेऊन गावोगाव फिरणारा. गांधीधामचा. त्याला मी गावाचं नाव, बाईंचं पूर्ण नाव आणि तो प्रश्न कागदावर लिहून दिला. तो गेला. मधल्या वेळात रांग पुढे सरकत राहिली. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या घरातले सगळे वाचले आहेत, आणि सातही जणांची नावं एकेक करून सांगताना तो मुंबईच्या मुलाशी बोलत असल्यासारखा माइककडे बघत होता.

दिवस कलताना मोटारसायकल परत आली. देवळाच्या ओट्यावर बाई होत्या. नाव तेच, नवऱ्याचं नावही तेच. भाजल्याचं विचारलं तर म्हणाल्या, माझ्या मुलाला कधी भाजलेलंच नाही. त्यांचा मुलगा डोंबिवलीला होता. पोरगा तिथेच थांबला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने गावात आणखी विचारलं. त्याच नावाच्या दुसऱ्या बाई खालच्या वासात राहायच्या. त्यांना आदल्या दिवशी ढिगाऱ्यातून काढलं होतं. दिराने ओळखलं होतं आणि अग्नीही दिला होता. दिराशी तो स्वतः बोलून आला. मुलाला डाव्या पोटरीवर भाजलं होतं, चुलीजवळ, हे दिरालाही माहीत होतं.

आमची वारंवारता काही खाजगी नव्हती. शॉर्टवेव्हचा बरा रिसीव्हर असलेलं कुणीही ऐकू शकत होतं, आणि मुंबईत आमच्या मित्राच्या खोलीत त्या दिवसांत नातेवाईक बसून असत. हे लक्षात घेऊन आधीच एक ठरलं होतं. दोन वह्यांपैकी पहिली सुखरूप माणसांची. “दुसऱ्या वहीतला निरोप” असं म्हटलं की मुंबईच्या ऑपरेटरने हेडफोन लावायचा, खोलीतल्या लोकांना बाहेर पाठवायचं आणि निरोप फक्त लिहून घ्यायचा. तो फोनवरून सांगायचा नाही. ज्ञातीच्या महाजनातली एखादी वडीलधारी व्यक्ती बरोबर घेऊन घरी जायचं आणि समोर बसून सांगायचं. कुणी, कधी ओळखलं आणि अग्नी कुणी दिला, हेही त्यात असलंच पाहिजे, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: नक्की तीच का?

मी “दुसऱ्या वहीतला निरोप” म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग “लिहितो”. मी सावकाश सांगितलं. त्याने परत वाचलं. पोटरीची खूणही वाचली. त्यामागोमाग पहिल्या वहीतला निरोप, डोंबिवलीचा. त्या मुलाने आमच्याकडे अजून चौकशीही केलेली नव्हती. दुपारच्या त्या माणसाचा निरोप तसाच गेला असता तर मुलुंडच्या घरात त्या रात्री पेढे वाटले गेले असते आणि डोंबिवलीच्या घराला काहीच कळलं नसतं.

रागावलेला माणूस अजून तिथेच होता. मोटारसायकलवाल्याचं सगळं त्याने ऐकलं होतं. तो काही बोलला नाही, पण अंधार पडल्यावर रांगेतल्या नव्या लोकांना तोच सांगायला लागला, “पाहिलं असेल तेवढंच सांगा. बापाचं नाव पण सांगा.” त्याच्यामुळे आमचं काम कितीतरी सोपं झालं.

रात्री पुन्हा सात मेगाहर्ट्झ. परदेशी प्रसारणांचा कलकलाट वाढला होता आणि मुंबईचा आवाज त्यातून वेचून काढावा लागत होता. मित्र मुलुंडला जाऊन आला होता, महाजनांबरोबर. मुलाने उलट निरोप दिला होता. मी तो शब्द न् शब्द परत वाचला आणि कागद सकाळसाठी मोटारसायकलवाल्याकडे दिला: “काका, अस्थी ठेवा. मी निघालो. तुम्हाला लागलंय का, हे ज्याने तुम्हाला पाहिलं त्याच्याकडून कळवा.”

शेवटच्या ओळीचं उत्तर तिथेच उभं होतं. मी पोराला विचारलं, आणि मुंबईला कळवलं की दिराच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, ते चालतात, बोलतात, आणि निरोप आणणाऱ्याने आज दुपारी त्यांच्याबरोबर चहा घेतला आहे.