ट्रॅकसाठी पोलो जीटी टीएसआय तयार करताना : माझा अनुभव

गाडी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ६८,००० किमी झालेली. मालक मूळचे पुण्याचे, नोकरीला बंगळुरूत. रोजचा वापर चालूच राहणार आणि महिना-दोन महिन्यांतून एकदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर जोरात चालवायचा दिवस), तोही स्वतः गाडी चालवत जाऊन. पहिल्या फोनवर मागणी होती १८० हॉर्सपॉवरची. मी विचारलं, "पंधरा मिनिटांच्या सत्रात सलग किती लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, जोरात मारता येतात तुम्हाला?" ते म्हणाले, "तीन. चौथ्याला ब्रेक खोल जातो आणि गाडी ओढत नाही." कामाचा कागद त्या उत्तरावरून लिहिला : दुसऱ्या आणि आठव्या लॅपच्या वेळेत एका सेकंदाहून जास्त फरक पडता कामा नये. पॉवर सगळ्यात शेवटी.

काय करायचं नाही, तेही त्याच कागदावर आलं. रोल केज (छत दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा) नाही, कारण हेल्मेटशिवाय शहरात चालवताना तोच लोखंडी पाइप डोक्याला लागतो. केज नाही म्हणून चार पॉइंटचा हार्नेसही (दोन्ही खांद्यांवरून येणारा शर्यतीचा पट्टा) नाही. गाडी उलटली आणि छत दबलं तर मूळचा तीन पॉइंटचा बेल्ट माणसाला बाजूला झुकू देतो, हार्नेस ताठ धरून ठेवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर मूळचेच. नोंदणीपत्रातल्या उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, आणि ही गाडी रस्त्यावरच जास्त फिरणार आहे.

नवीन काही लावण्याआधी आहे ते तपासलं. चारही सिलिंडरची लीकडाउन टेस्ट केली, म्हणजे दाबाने हवा भरून किती गळते ते मोजलं. सगळे १० टक्क्यांच्या आत. थंड स्टार्टला टायमिंग चेनचा दोन सेकंद खडखडाट येत होता, म्हणून चेन, टेन्शनर आणि गाइड बदलले. हे इंजिन थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं आहे. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या झडपा) पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्या मागच्या बाजूला काजळीचे थर चढतात. मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने ते साफ केले. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री केल्याशिवाय नळी आत घालायची नाही; भुशाचा दाणा आत गेला तर पुढचं काम हेड उतरवण्याचं. नवे प्लग लावले, गॅप ०.७ मिमी.

मग डायनो, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायचं यंत्र. पाचव्या गिअरमध्ये लागोपाठ तीन रन : चाकांवर ९१, ८८ आणि ८४ हॉर्सपॉवर. कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे चाकांपर्यंत जाताना होणारी घट धरण्याआधीचा, १०५ पीएस आहे, म्हणजे पहिला रन ठीकच. तिसऱ्यापर्यंत सात हॉर्सपॉवर कुठे गेली ते लॉगमध्ये (सेन्सरच्या नोंदीत) दिसलं. इनटेक हवेचं तापमान पहिल्या रनला ४४ अंश, तिसऱ्याला ६६. हवा तापली की पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं (नॉक). सेन्सरला ते कळलं की इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी करतो. डायनोवरच्या तीन रनमध्ये हे, तर ट्रॅकवर चौथ्या लॅपला गाडी ओढत नाही यात नवल नव्हतं.

या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) मॅनिफोल्डच्या आतच असतो आणि तो पाण्याने थंड होतो. त्याला वेगळा छोटा रेडिएटर आणि विजेवर चालणारा वेगळा पंप. रस्त्यावर ही रचना उत्तम, कारण हवेचा मार्ग आखूड राहतो आणि टर्बो लगेच प्रतिसाद देतो. ट्रॅकवर मात्र त्या पाण्याला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मोठा इंटरकूलर बसवायला मॅनिफोल्डमध्ये जागाच नाही, म्हणून पाण्याची बाजू सुधारली. छोट्या रेडिएटरच्या जागी दीडपट जाडीचा लावला, त्याच्या कडेच्या फटी फोमने बंद केल्या. हवा नेहमी सोपी वाट धरते. फट ठेवली तर ती रेडिएटरला वळसा घालून जाते आणि जाड रेडिएटरचा पैसा वाया जातो. कूलंट ४० टक्के, डिमिनरलाइज्ड पाणी ६० टक्के. साधं नळाचं पाणी घातलं तर क्षार बसतात.

ब्रेकचं दुखणं नीट ओळखायला लागतं. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पेडल स्पंजी होऊन खाली जातं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. या गाडीत दोन्ही होतं. पुढे २५६ मिमीच्या डिस्क, मागे ड्रम. मोठ्या डिस्कचा आग्रह मालकांनी धरला होता. मी नको म्हटलं. सव्वा टनाच्या आतल्या गाडीला आणि या वेगांना आधी पॅड, ऑइल आणि वारा द्यावा, ते पुरलं नाही तर डिस्कचा खर्च. ट्रॅकसाठीचे पॅड लावले, ते थंड असताना थोडे किंचाळतात. साध्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान कोरडा उत्कलनबिंदू २३० अंश; आम्ही ३०० अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल एक लिटर घेतलं, २ बार दाबाने जुनं पूर्ण बाहेर काढलं आणि शेवटी स्कॅनरवरून एबीएसचा पंप चालवून पुन्हा हवा काढली. हा शेवटचा भाग टाळला तर एबीएस ब्लॉकमध्ये अडकलेला बुडबुडा ट्रॅकवर पहिल्यांदा एबीएस लागला की बाहेर येतो. बंपरच्या खालच्या जाळीमागून ६३ मिमीची सिलिकॉन नळी प्रत्येक डिस्कच्या मध्याकडे नेली. नळीचं तोंड डिस्कच्या चपट्या बाजूवर नको. एकाच बाजूने गार झालेली डिस्क वाकते. वारा मधल्या छिद्रातून आत शिरून पाकळ्यांमधून बाहेर गेला पाहिजे.

सस्पेन्शनवर फार खोलात जात नाही. गाडी २५ मिमी खाली आली. त्याहून खाली नेली तर पुढच्या लोअर आर्मचा कोन उलटा होतो आणि वळणात गाडी जास्त कलते. कॅम्बर प्लेट लावून पुढचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकण्याचा कोन) उणे ०.५ वरून उणे १.८ अंशांवर आणला. ट्रॅकच्या चाकांवर १९५/५० आर १५ चे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे टायर). मूळच्या १८५/६० आर १५ पेक्षा व्यास साडेचार टक्के लहान, म्हणजे गिअर तेवढे आखूड झाल्यासारखे आणि स्पीडोमीटर तेवढा जास्त दाखवणार.

मॅप, म्हणजे इसीयूमधली बूस्ट आणि इग्निशनची आखणी, या सगळ्यानंतर. आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू२०० आहे आणि त्याची टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मर्यादा २५० न्यूटन-मीटर. मूळ इंजिन १७५ देतं. आम्ही २१५ वर थांबलो आणि तेही २,८०० आरपीएमनंतर. त्याखाली एकदम टॉर्क दिला की क्लच घसरतो आणि तापतो. ट्रॅकवर गाडी २,८०० च्या खाली जातेच कुठे? इनटेक हवा ६० अंशांपुढे गेली की बूस्ट हळूहळू उतरेल अशी वक्ररेषा ठेवली, एकदम तुटू दिली नाही. मॅप ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर केला (ऑक्टेन जास्त, तेवढी नॉकची भीती कमी). १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळतं आणि त्यावर ताणून केलेला मॅप साध्या पेट्रोलवर नॉक करतो. गिअरबॉक्सच्या मॅपमध्ये मॅन्युअल मोडला आपोआप वरचा गिअर पडणं बंद केलं. वळणाच्या मध्यात पडलेला गिअर पुढच्या चाकांची पकड सोडवतो. शेवटी डायनोवर पहिला रन चाकांवर ११३, तिसरा सलग रन ११०. माझ्या लेखी दुसरा आकडा महत्त्वाचा.

रस्त्यावर २०० किमी चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासले, नवे पॅड रुळवले (ताशी १०० किमीवरून ३० पर्यंत दहा वेळा ब्रेक लावून, मध्ये न थांबता, मग दहा मिनिटं गार) आणि गाडी ट्रेलरवरून कोइम्बतूरला नेली. कारीचा लॅप २.१ किमीचा, सरळ भाग आखूड, त्यामुळे ब्रेकला विश्रांती कमी.

पहिलं सत्र चारच लॅपचं. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) येताच टायरचं तापमान सुई टोचून घेतलं : पुढचा डावा बाहेरून ९६, मध्ये ८८, आतून ८४. बाहेरची कड जास्त काम करते, म्हणजे कॅम्बर अजून हवा. उणे २.३ केला, पुढच्या सत्रात ९०, ८९, ९३ आले. टायरमधली हवा थंड असताना पुढे २७, गरम झाल्यावर ३४ पीएसआय. मागे दोन पीएसआय जास्त, म्हणजे शेपूट थोडी वळते आणि नाक आत येतं.

दुसऱ्या सत्रात पाचव्या लॅपला पेडल लांब झालं. उजवी वाऱ्याची नळी सुटून लोंबत होती. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर तिला घासत होता आणि प्लास्टिकचा टाय उष्णतेने मऊ झाला होता. गॅरेजमध्ये स्टिअरिंग वळवून बघितलं होतं, पण चाक लोंबकळत असताना. सस्पेन्शन दाबलेलं असताना बघायला हवं होतं, ही चूक माझी. स्टीलचे क्लॅम्प लावले, नळी ३० मिमी आत घेतली, ऑइलमधली हवा पुन्हा काढली.

तिसऱ्यात इनटेक हवा सहाव्या लॅपला ७१ अंशांवर गेली. पंप चालू होता, पण रेडिएटरचा आत जाणारा पाइप गरम आणि बाहेर येणारा जेमतेम कोमट : प्रवाह नाही. नव्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकली होती. व्हॅक्यूमने पुन्हा कूलंट भरला, पंप स्कॅनरवरून दहा मिनिटं चालवला. चौथ्या सत्रात बाहेर ३३ अंश असताना आठव्या लॅपला ५८ वर स्थिर. दुसऱ्या आणि आठव्या लॅपमध्ये फरक ०.६ सेकंद. गाडी माझ्याकडे येण्याआधी मालकांच्या स्वतःच्या नोंदीत पाचव्या लॅपलाच तो २.४ होता.

त्याच सत्रात टाकी एक तृतीयांशावर आली तेव्हा लांब वळणातून निघताना इंजिन अडखळलं. पेट्रोल एका बाजूला सरकून पंप हवा ओढत होता. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हा नियम तिथेच ठरला.

पाचवं सत्र मालकांनी चालवलं आणि लॉगसह गाडी त्यांना तिथेच दिली. सोबतच्या कागदावर मोजक्या गोष्टी आहेत. पॅड ५ मिमी उरले की बदलायचे, कारण पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे पाठवतो. ब्रेक ऑइल दर दोन ट्रॅक डेनंतर नवं. सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक न लावता गार करण्यासाठी, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला ड्रम शूवर आवळून बसतो. खासगी कारच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान आपल्या खिशातून. ट्रॅकची चार चाकं मागची सीट दुमडून मावतात. संध्याकाळी रस्त्याची चाकं चढवताना बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे, आणि बंगळुरूकडे निघाल्यावर ५० किमीवर, म्हणजे अविनाशीच्या आसपास, गाडी बाजूला घेऊन टॉर्क पाना पुन्हा एकदा वीसही बोल्टांवर फिरवायचा.