अजिंठ्याच्या कड्यावरून हळद्या घाटापर्यंत

डांबरी रस्त्यावर पळणाऱ्याला किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते तोंडपाठ असतं. अजिंठ्याच्या रांगेत हा हिशोब पहिल्याच तासात खुंटीला टांगावा लागतो. लेण्यांच्या व्ह्यू पॉइंटपासून कड्याच्या काठाने हळदा, तिथून वेताळवाडीचा किल्ला आणि खाली सोयगाव, असा माझा बेत होता. सराव छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर केला. चढाला पाय तयार झाले, दगडाला नाही.

हे डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून मधे पट्टी राहते. नकाशात उतार एकसारखा दिसतो, पण प्रत्यक्षात जरा पळा, मग कातळावरून हातपाय टेकत उतरा, पुन्हा पळा, असं चालतं. वरच्या पठारावर सुट्टे गोटे वाळलेल्या गवताखाली लपलेले, त्यामुळे नजर सतत पावलापुढच्या दोन हातांवर. उजवीकडे खाली खानदेश पसरलेला, पण तो बघायचा तर थांबूनच. याच माथ्यावर पाणी वाटलं जातं: वाघूर उत्तरेला तापीकडे जाते, दक्षिणेचे ओढे पूर्णेतून गोदावरीला मिळतात.

दिवाळीनंतरची खरी डोकेदुखी कुसळं. मोजा, बुटाची जीभ, लेस, काही सोडत नाहीत. पायाला रुतलं की पाऊल तिरपं पडतं आणि गोट्यावरून घोटा मुरगळतो. घोट्यावर गेटर्स, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी कापडी पट्टी, चढवले नाहीत तर पळण्यापेक्षा बसून उपटण्यात वेळ जास्त जातो.

घड्याळात रूट भरून घेतला होता, तरी ढोरवाटा चकवतात. त्या छान मळलेल्या असतात, काठाला समांतर जातात आणि एखाद्या डबक्यापाशी संपतात. अशाच एका ठिकाणी गुरं राखणारे एक मामा भेटले. "काय भाऊ, कुणी मागं लागलं का?" म्हटलं, नाही मामा, हौस म्हणून पळतोय. त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीकडं पाहिलं. "हौसंला एवढं पाणी पुरतं का? खालच्या कपारीत झरा हाय, भरून घ्या." झरा होता, बोटाएवढी धार. या खडकात पाणी भेगांतून मुरतं आणि थर बदलतो तिथं बाहेर येतं, हे वाचलं होतं. नेमकी कपार मात्र मामांनाच ठाऊक.

हळद्या घाटाच्या खिंडीतून वेताळवाडीच्या जंजाळा दरवाजापर्यंतची चढण चालतच काढली. तिथं पळायचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. तटाच्या सावलीत गूळ-शेंगदाणे खाल्ले, दुसऱ्या दरवाजाने गावाकडे उतरलो. ही उतरण मांड्या पिळून काढते. छोटी पावलं टाकायची, टाच रोवायची नाही. पुढचा सोयगावचा डांबरी रस्ता कंटाळवाणा, कसाबसा रेटला.

आता पश्चिमेकडे सुतोंडा किल्ल्यापर्यंतचा टप्पा जोडायचा आहे. त्याही पुढे गौताळ्याकडे सरकायचं तर अभयारण्य लागतं, तिथं वनखात्याची परवानगी आधी. आणि हे सगळं जानेवारीच्या आतबाहेर. पुढं झरे आटतात आणि काळा कातळ दहा वाजताच तापायला लागतो.