लक्षद्वीपचा मुख्यमंत्री कोण?

आम्ही अडीच वर्षं लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला राहिलो हे कळलं की लोक आधी समुद्राबद्दल विचारतात आणि मग हमखास, "तिथला मुख्यमंत्री कोण?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुख्यमंत्री नाही, कारण विधानसभाच नाही. राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक कारभार बघतो. वस्तीची दहा बेटं, बिनवस्तीची धरूनही सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं. एवढ्यांना विधानसभा कशाला, असं तिथे जाण्याआधी मलाही वाटायचं.

मग राज्यघटनेचं कलम २४० वाचलं. लक्षद्वीपसाठी राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, विनियम, म्हणजे कायद्याच्या ताकदीचे नियम, काढू शकतात आणि असा विनियम संसदेने केलेला कायदासुद्धा तिथल्यापुरता बदलू किंवा रद्द करू शकतो. जमीन कुणाची, घर कुठे बांधायचं, हे असं ठरू शकतं आणि ठरवताना हात वर करणारा बेटावरचा एकही माणूस नसतो. हे मला आजही पटत नाही.

लोकसभेला एक खासदार जातो. पहिली दहा वर्षं तोही राष्ट्रपतींनी नेमलेला होता, मतदान सुरू झालं ते १९६७ साली. तेव्हा निवडून आलेले पी. एम. सईद सलग दहा वेळा जिंकले आणि २००४ मध्ये हरले ते ७१ मतांनी. कोचीहून येणाऱ्या जहाजात याच्या कितीतरी पट माणसं असतात. २०१९ चा निकालही ८२३ मतांनी लागला. तिथे एकेका मताची किंमत लोकांना नीट ठाऊक आहे. बित्रासारख्या जेमतेम पावणेतीनशे वस्तीच्या बेटावरही मतदान केंद्र असतं.

निवडून देणं त्यांना नवीन नाही. मिनिकॉय बेटावर प्रत्येक गावाचा पुढारी गावकरी स्वतः ठरवतात, त्याला बोडुकाका म्हणतात. तिथल्या भाषेत बोडु म्हणजे मोठा. काका तर आपल्या ओळखीचाच वाटतो! बायकांची प्रमुख वेगळी, ती बोडुताता. होड्या ओढणं, गावजेवण, साफसफाई, सगळं या दोघांच्या शब्दावर चालतं.

उरल्या पंचायती. आम्ही होतो तेव्हा प्रत्येक बेटाची द्वीप पंचायत होती आणि वर एक जिल्हा पंचायत. माणसांच्या हातात खरोखर काही होतं ते इथेच. मे २०२१ मध्ये प्रशासनाने एका आदेशाने शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी आणि पशुसंवर्धन ही खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेतली. त्याच वर्षी नव्या पंचायत विनियमाचा मसुदा आला, दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला निवडणूक लढवता येणार नाही असं सांगणारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लक्षद्वीपचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.४ होता. मग हा नियम कुणासाठी, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

आमच्या शेजारीणबाई तोवर काहीही अडलं की पंचायत सदस्याच्या घरी जायच्या. नारळाच्या बागेतून दहा मिनिटांची वाट. त्या जूनमध्ये मुलाच्या शाळेच्या कामासाठी अशाच गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. सदस्याने चहा दिला होता आणि सचिवालयात अर्ज करा म्हणून सांगितलं होतं. अर्ज लिहायला त्या माझ्याकडे बसल्या. वर कुणाचं नाव घालायचं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.